पुलापर्यंतचं चार्जिंग

४ सप्टेंबर

भाऊजी,

आशीर्वाद. तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, रागावला असाल तर रागवा, पण आधी माझं एक काम करा. फोनवरच विचारणार होते. पण मागच्या वेळी मी पाणी म्हटलं ते तुम्ही राणी ऐकलंत, आणि ओरडून ओरडून माझा घसा बसला. वर्कशॉपने तुमचे कान खाल्ले. कागदावर मात्र तुम्हाला सगळं नीट ऐकू येतं.

काम गाडीचं आहे. ह्यांना निवृत्त होताना मैदानावरून मिळालेली ती बॅटरीची गाडी, गोल्फ खेळणाऱ्यांना फिरवायची, छप्पर फाटलेली. तिच्या समोरचा काटा सकाळपासून टाकी भरलेली दाखवतो आणि मग झोप लागल्यासारखा एकदम खाली पडतो. परवा गाडी कालव्याच्या रस्त्यावर थांबली, पुलाच्या जरा अलीकडे. हे आतच बसून राहिले. मी शोधत चालत गेले. शेवटी दूधवाल्याच्या टेम्पोला दोर बांधून घरी आणली.

मला एवढंच कळायला हवं, की आत खरंच किती चार्जिंग आहे ते कसं बघायचं. आणि किती असलं म्हणजे घरापासून पुलापर्यंत जाऊन नीट परत येता येतं? ह्यांच्या नकळत बघता येईल असं काही सांगा. त्यांच्या गाडीला कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही, तुम्हाला माहीतच आहे.

बाकी ठीक. हे मजेत आहेत.

वहिनी

१३ सप्टेंबर

वहिनी,

आधी नमस्कार, मग भांडण. गाडी दादाची, थांबली दादाची, आणि पत्र लिहायचं तुम्ही? त्याला काय झालं? माझा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेणारा माणूस वर्ष झालं मला एक ओळ लिहीत नाही. आई गेल्यावर मला वाढवलं म्हणून आता माझ्यातून मोकळा झाला की काय? विचारा त्याला, कान धरून विचारा.

आता गाडी. त्या काट्यावर अजिबात जाऊ नका. जुना काटा म्हणजे लग्नातला फोटोग्राफर, सगळ्यांना हसतानाच दाखवतो. सीट उचला. खाली सहा बॅटऱ्या दिसतील, एकेक सहा व्होल्टची, एकीला एक जोडलेल्या. म्हणजे सगळ्या मिळून छत्तीस. पार्सलने मीटर पाठवतोय. त्याची लाल तार पहिल्या बॅटरीच्या मोकळ्या टोकाला, काळी शेवटच्या बॅटरीच्या. अडतीसच्या थोडं वर आलं तर पूर्ण भरली. छत्तीसच्या थोडं वर म्हणजे निम्मी. त्याच्या खाली जाऊ देऊ नका, बॅटऱ्यांचा जीव जातो.

पण एक ध्यानात ठेवा. चार्जर काढल्याबरोबर बघाल तर आकडा फुगलेला दिसेल, आणि गाडी फिरून आल्याबरोबर बघाल तर पडलेला. जिना चढून आलेल्या माणसाची नाडी लगेच बघत नाहीत, तसंच. रात्रभर विसावू द्या, सकाळी बघा.

सोबत एक काचेची नळी पाठवतोय, रबरी फुग्याची. प्रत्येक झाकण उघडून थोडं पाणी वर ओढायचं. नळीतला तरंगता दांडा जितका वर, तितकी बॅटरी भरलेली. एखादीत तो बुडाला तर ती आजारी समजा, ती बाकीच्या पाचांना घेऊन बुडते. पाणी कमी दिसलं तर बॅटरीचंच पाणी घाला, नळाचं नको. हातमोजे घाला. आणि माझी शपथ आहे, वाकून आत बघू नका. ते पाणी नाही, तेजाब आहे.

दादाला सांगा, धाकटा रुसलाय.

भाऊजी

२ ऑक्टोबर

भाऊजी,

पार्सल पोचलं. हे आंघोळीला गेले की मी सीट उचलते. पहिल्या दिवशी हातमोजे घातले, पण पदराचं लक्षात राहिलं नाही. धुतल्यावर पदराला जाळी पडली. आता तुमच्या दादांचा जुना खाकी डगला वरून चढवते. आरशात बघितलं तर तुमच्या वर्कशॉपमधलीच वाटते.

तिसरी बॅटरी आजारी आहे, तरंगता तिच्यात खालीच बसतो. पण मला आता अंदाज आलाय. सकाळी सदतीस दिसलं की हे पुलापर्यंत जातात, आणि आरामात परत येतात. पूर्ण भरलेली असली तर मात्र गाडी पुलाचा चढही चढेल असं दिसतंय. छत्तीसला आली तर परतताना पिठाच्या गिरणीपाशी रखडते.

म्हणून विचारते, रोज अर्धीमुर्धीच भरली तर चालेल का? म्हणजे चार्जर मध्येच काढून टाकायचा. मला पूर्ण भरायची नाहीये.

ह्यांच्या अंगठ्याला लागलंय, म्हणून लिहिता येत नाही. धाकट्याला सांग वेळेवर जेवत जा, असं म्हणाले.

वहिनी

१० ऑक्टोबर

वहिनी,

नाही, नाही आणि नाही. लेड बॅटरी अर्धवट भरून ठेवली की आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो, आणि मग ती कधीच पूर्ण भरत नाही. इतकी वर्षं मी लोकांना हेच ओरडून सांगतोय. आता माझ्याच घरात हे चालणार?

आणि पूर्ण का भरायची नाही? विजेचा विचार करताय ना? दादा काही सांगणार नाही, तुम्ही काही मागणार नाही, मला तुम्ही दोघेही पक्के ठाऊक आहात. त्याला पूल ओलांडायचाय आणि तुम्ही काटकसर करून त्याला अलीकडूनच परत आणताय. वहिनी, आयुष्यभर दुसऱ्यांना फिरवणाऱ्या गाड्या बघितल्या त्याने. आता जाऊ द्या की त्याला हवं तिथे.

तुम्ही काही करू नका. मी करतो काय ते. विचारू नका.

त्याच्या अंगठ्याला हळद लावा आणि एक ओळ तरी लिहून घ्या.

भाऊजी

२० ऑक्टोबर

वहिनी,

मला पोटात ठेवता येत नाही, म्हणून सांगून टाकतो. दादाचा वाढदिवस जवळ आला. तुमच्याकडच्या बाजारातल्या बॅटरीवाल्याशी आमच्या मालकांनी बोलून दिलंय. त्याचा माणूस शुक्रवारी येईल आणि जुन्या सहाच्या सहा काढून नव्या बसवून जाईल. तुम्हाला बोटही लावायचं नाही. नव्या कोऱ्या आहेत. दादा पूल ओलांडून पार पलीकडे जाऊन येईल आणि तरी मीटर छत्तीसच्या खाली यायचा नाही.

त्याला माझं नाव सांगू नका. स्वतःच ओळखू दे. ओळखेलच.

भाऊजी

२१ ऑक्टोबर

भाऊजी,

तुमचं दहा तारखेचं पत्र तीनदा वाचलं. विजेचं काही नाही. तुम्ही भलताच समज करून घेऊन मनाला लावून घ्याल, म्हणून आज शब्द मोडते.

तुमच्या दादांना विसरायला होतं. चष्मा नि किल्ल्या विसरतो तसं नव्हे. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, की हे वाढत जाणार, थांबणार नाही. त्या दिवशी घरी आल्यावर हे माझा हात धरून म्हणाले, "धाकट्याला कळवू नकोस. त्याच्यापुरता मी आहे तसाच राहू दे." तेव्हा त्यांना सगळं कळत होतं. मी कबूल केलं. अंगठा बरा आहे त्यांचा. अक्षरं येत नाहीत.

रोज सकाळी ते खाकी सदरा घालतात, टोपी घालतात आणि ड्यूटीवर निघतात. पुलापलीकडच्या गोल्फच्या मैदानावर चाळीस माळी त्यांच्या हाताखाली होते ना, ते सगळे वाट बघत असतील असं त्यांना वाटतं. मैदान तर आता उरलंच नाही. विकलं, तिथे इमारती झाल्या. पहिल्यांदा मी सांगून बघितलं. त्यांना ती बातमी नवीच होती. ते ढसाढसा रडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपी घालून तयार. रोज उठून तीच बातमी त्यांना कशी सांगायची?

किल्ली लपवली तर घरभर शोधत फिरले, माझ्यावर हात उगारला. आयुष्यात पहिल्यांदा. मग एकदा गाडीच पुलाच्या चढावर दमली आणि ते आपणहून वळले. घरी येऊन म्हणाले, "आज गाडी दमलीय, उद्या बघू." आणि शांत जेवले. तेव्हा मला हे सुचलं. पुलापर्यंत पुरेल, परत येता येईल आणि चढ मात्र चढणार नाही, एवढंच चार्जिंग. पूल ओलांडला नाही तोवर त्यांची नोकरी शाबूत आहे.

बॅटऱ्या खराब होतील, माहीत आहे. होऊ द्या.

त्यांना कळू देऊ नका की तुम्हाला कळलंय.

वहिनी

२७ ऑक्टोबर

वहिनी,

तुमचं पत्र आत्ता मिळालं. मालकांना दुकानात फोन लावायला सांगितला. शुक्रवारीच बसवल्या म्हणतात, घरी साहेब एकटेच होते, त्यांनी उभं राहून बसवून घेतल्या, खूश होते. तुमच्याकडे सकाळपासून चार वेळा फोन लावला. मालक म्हणतात रिंग जाते, कोणी उचलत नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या बॅटरीमधली तार ढिली करा. आधी किल्ली बंद करा, मग पान्ह्याने नट सोडा. गाडी जागची हलणार नाही. हे पत्र पोचायच्या आत कोणीतरी तुम्हाला हे सांगावं एवढंच वाटतंय.

भाऊजी

९ नोव्हेंबर

भाऊजी,

त्या संध्याकाळी तुमच्या मालकांचा फोन आला तेव्हा मी फक्त "आम्ही घरी आहोत" एवढंच म्हणू शकले. तुम्ही काळजीत असाल हे कळत होतं. लिहायला हात उचलत नव्हता.

शुक्रवारी मी ह्यांच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेले होते. तो माणूस तेवढ्यात येऊन गेला असणार. ह्यांनी मला काही सांगितलं नाही, संध्याकाळपर्यंत त्यांच्याही लक्षात राहिलं नसेल. पुढचे दोन दिवस त्यांना ताप होता, गाडी जागची हलली नाही. तिसऱ्या दिवशी तुमचं वीस तारखेचं पत्र आलं. धावत जाऊन सीट उचलली. सहा नव्या बॅटऱ्या, झाकणं चकचकीत. मीटर लावला, अडतीसच्या वर. तार ढिली करायची अक्कल मला तुमच्या पत्राशिवायही होती, भाऊजी. पान्हा हातात घेतला होता मी.

तेवढ्यात हे आले. ताप उतरलेला, दाढी केलेली, टोपी घातलेली. मला डगल्यात बघून हसले. म्हणाले, "तूपण ड्यूटीवर? चल मग, उशीर होतोय."

कित्येक महिन्यांत त्यांनी मला कुठे चल म्हटलं नव्हतं. मी पान्हा ठेवला आणि शेजारी बसले. वाटलं, पूल ओलांडून थोडं पुढे जाऊ, मग मी काहीतरी सांगून वळवीन. पुलाचा चढ गाडी अशी चढली, की हे मोठ्याने हसायलाच लागले. वाटेतलं एकेक झाड दाखवत होते. हे मी लावलं, हे वादळात पडलं होतं, हे सुतार मागत होता, दिलं नाही. सगळं बरोबर. माझ्या नावाला अडतात, पण झाडाला एकदाही अडले नाहीत. वळा असं मी म्हटलंच नाही.

मैदानाचं फाटक नव्हतंच. तिथे उंच इमारती, खाली गाड्या लावलेल्या. रखवालदार आला, "काका, कोणाकडे जायचंय?"

हे म्हणाले, "नवव्या खड्ड्याची हिरवळ कुठे गेली?"

"कसला खड्डा? इथे खड्डे नाहीत, परवाच डांबर टाकलंय."

बिचारा चांगल्या मनाने बोलत होता. हे खाली उतरले. भिंतीकडेला गवताची एक पट्टी होती, तिथे गुडघे टेकून बसले आणि गवतावरून हात फिरवला. म्हणाले, "मुळापासून कापलंय. असं नाही कापायचं." मग माझ्याकडे वळून बघितलं आणि विचारलं, "सगळ्यांना माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

गाडी मी घरी आणली. आयुष्यात पहिल्यांदा चालवली. हे शेजारी टोपी मांडीवर घेऊन बसले होते.

भाऊजी, दुसऱ्या दिवशी ते हे सगळं विसरले. मैदान विसरले, रखवालदार विसरले, माझ्याबरोबर आले होते तेही. पण दुःख विसरले नाहीत. सकाळी उठून खाकी सदरा घालतात आणि पलंगाच्या कडेवर बसून राहतात. "मला बहुतेक काढून टाकलंय," म्हणतात. कोणी काढलं, कधी, काही सांगता येत नाही. गाडीकडे बघतही नाहीत. जेवण दोन घासांवर आलंय.

तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहिलेलं नाही. तुम्ही प्रेमाने पाठवल्या. मी सांगितलं असतं तर पाठवल्या नसत्या. आणि पान्हा माझ्या हातात होता. तुम्ही एकटे हे डोक्यावर घेऊन बसू नका.

या एकदा. लवकर या.

वहिनी

१४ डिसेंबर

वहिनी,

सुखरूप पोचलो. तुमच्या घरात असताना बोलायचं बरंच होतं, पण मला ऐकू यावं म्हणून तुम्हाला ओरडावं लागलं असतं, आणि दादासमोर ओरडून बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तुम्ही लवकर या लिहिलंत आणि मी महिना काढला. रजा मिळत नव्हती असं मी तुम्हाला सांगितलं, ते खोटं. तो मला ओळखणार नाही याची भीती वाटत होती. दोनदा तिकीट काढलं आणि रद्द केलं. शेवटी येऊन दारात उभा राहिलो. त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "नवीन भरती का? ये, बस." झालं ते झालं. त्यानंतर भीती गेली.

तुम्ही स्वयंपाकघरात होतात तेव्हा दुपारी काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. त्याने मला अंगणात नेलं, नवीन माणसाला काम शिकवायला म्हणून. गवत कसं कापायचं ते दाखवलं. पातं उंच ठेवायचं, एकदा उभं, एकदा आडवं, सकाळचं दव आधी काठीने झटकायचं. मी त्याच्या ओठांकडे बघत होतो. माझ्या हातावर हात ठेवून त्याने कात्री धरायला लावली. वहिनी, पाटीवर अक्षरं काढताना अगदी असाच धरायचा तो माझा हात. अंगठा असाच दाबायचा.

मग दमला, बसला. मला विचारलं, "घरी कोण आहे?" मी म्हटलं, मोठा भाऊ आहे. तो म्हणाला, "मला धाकटा आहे. लांब असतो. बॅटऱ्यांचं काम करतो. पत्रं फार चांगली लिहितो." मग आवाज अगदी खाली आणून आणखी काहीतरी बोलला. तेवढंच मला ऐकू आलं नाही. ओठ थरथरत होते, वाचताही आलं नाही. पुन्हा सांग म्हणून विनवलं, तर तो आधीच दुसरीकडे बघत होता.

तेवढं एक वाक्य माझ्या कानांनी घालवलं. परतीच्या प्रवासात तेच शोधत बसलो होतो.

नव्या बॅटऱ्या मी काढून परत पाठवणार होतो. तुम्ही नको म्हणालात, दवाखान्यात न्यायला मी चालवीन म्हणालात. बरं. महिन्याला पाणी बघा आणि आता पूर्ण भरत जा.

एक खरं सांगा. मी गेल्यावर त्याने माझ्याबद्दल काही विचारलं का? नसेल विचारलं तर तसं लिहा. मला चालेल.

भाऊजी

२ जानेवारी

भाऊजी,

तुम्ही खरं सांगा म्हणालात, म्हणून खरंच लिहिते.

तुम्ही गेलात त्या दिवशी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ते झोपूनच असतात आता. परवा मी त्यांना गाडीतून दवाखान्यात नेलं, त्यांनी छपराच्या दांडीला धरलं होतं, पण कुठे चाललोय हे विचारलं नाही. डॉक्टरांनी तपासलं, मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना आता बोलवून घ्या. गिळायला त्रास होतोय. पातळ काहीतरी चमच्याने भरवते, निम्मं बाहेर येतं.

काल सकाळी मी त्यांचं तोंड पुसत होते. अचानक डोळे उघडून म्हणाले, "तो बहिरा कोण होता गं?"

मला आधी कळेना. म्हणाले, "अंगणात आला होता तो. सारखा माझ्या तोंडाकडे बघत होता. रडत होता."

मी म्हटलं, "अहो, तो धाकटा. तुमचा भाऊ."

त्यांनी नजर छताकडे वळवली. वाटलं, गेलं पुन्हा. पण मग माझ्याकडे वळले. इतकं रागावलेलं मी त्यांना कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. आवाज फुटत नव्हता, तरी रागावून म्हणाले, "आणि न जेवताच जाऊ दिलंस त्याला?"

तुम्ही चार दिवस आमच्याकडे दोन्ही वेळा जेवत होतात, शेवटच्या दिवशी त्यांच्याच शेजारी बसून जेवलात. पण ते मी सांगितलं नाही. मी म्हटलं, "चुकलं माझं. बोलावते परत." तर म्हणाले, "आजच बोलाव. लाजतो तो मागायला, लहानपणापासून."

तेव्हापासून दोनदा दाराकडे बघून झालंय. आज सकाळी त्याची ताटली माझ्याशेजारी पुसून ठेवलीस का, म्हणून विचारलं.

मिळेल त्या गाडीने निघा. येताना काही आणू नका. वाटेत काही खाऊ नका. उपाशी या.

वहिनी